सतरा नंबरचा दगड

परवा दुपारी एक मुलगी आली आणि माझ्या दाराच्या चौकटीवर नंबर लिहून गेली. कुठल्याशा सर्वेक्षणाचा. डोक्यावर ओढणी, गळ्यात ओळखपत्र, उन्हानं तोंड लालबुंद. "आंटी, घर में कित्ते लोगां रैते?" म्हणाली. मी म्हटलं, "एक." तिनं एक लिहिलं, तांब्याभर पाणी प्यायली, पांढऱ्या खडूनं चौकटीवर मोठ्ठा आकडा काढला आणि शेजारच्यांची घंटी वाजवली.

एप्रिलचा शेवट. चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आवकायच्या लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणारा बसलाय. त्याच्या कोयत्याची ठकठक तिसऱ्या मजल्यापर्यंत येते. मी दार लावायला उठले, तर समोरच्या कठड्यावर कावळा. मान वाकडी करून तो माझ्या चौकटीकडे बघत होता. मी फडकं ओलं केलं आणि नंबर पुसायला गेले. हात वर नेला आणि मग माझं मलाच हसू आलं. अगं बाई, तुझ्या घरात काय अंडी आहेत?

लोक म्हणतील, म्हातारी खुळावली. म्हणोत. ही खोड मला सात वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यानं लावली आणि एप्रिल आला की ती वर येते, घामोळ्यासारखी.

मी वनखात्यात होते, पण वनात कधीच नव्हते. तीस वर्षं लाकडाचे परवाने तपासले. कुठल्या ट्रकमध्ये किती सागवान, शिक्का खरा की खोटा, एवढंच माझं जंगल. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईला एकदा तरी बाहेर पाठवायला हवं. पाठवलं एका तलावावर.

तलावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की रविवारी लोक बिर्याणीचे डबे घेऊन निघतात. शहरापासून दोन तासांवरचा, जुन्या काळचा, लांबलचक मातीच्या बांधाचा तलाव, पाणपक्ष्यांसाठी राखलेला. मधोमध एक बेट. बेट म्हटल्यावर तुमच्या मनात जे येईल तसलं काही नाही. मुरमाचा एक उंचवटा, हिवाळ्यात निम्मा पाण्याखाली आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडा पडणारा. बाकी तलावात बदकं, बगळे, करकोचे, सगळे होते. त्यांची काळजी करायला ते स्वतः पुरेसे होते. माझ्या गळ्यात पडला तो नदी सुरय.

पांढुरकं-राखी अंग, डोक्यावर काळी टोपी, पिवळीजर्द चोच, लाल पाय, शेपटी दुभंगलेली. नावाप्रमाणे नदीचा पक्षी. पण नद्यांत आता वाळू राहिली नाही, आणि राहिली तिथे ट्रॅक्टर राहू देत नाहीत. म्हणून हा तलावांतली बेटं शोधत येतो. वर्षागणिक कमीच होत चाललाय. त्याचं घरटं म्हणजे मुरमात पोट घासून केलेला खळगा. ना काडी, ना पान, ना कापूस. त्यात दोन-तीन मातकट, ठिपक्या-ठिपक्यांची अंडी. पायाखाली आली तरी दिसणार नाहीत, अशी. तीच त्यांची सगळी सुरक्षितता.

आमच्याकडच्या कुणा उत्साही माणसानं काही वर्षांपूर्वी त्या बेटावर झाडं लावली होती. पक्ष्यांना झाडं हवीत, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं असतं. पण मी जुन्या फायली वाचल्या. फाइल वाचणं हे एकच काम मला नीट येतं. झाडं लावण्याआधी दर उन्हाळ्यात सुरयांची घरटी, झाडं लागल्यावर एकही नाही. त्यांना उघडा माळ लागतो. चहूकडून येणारा दिसला पाहिजे. मग काय, जानेवारीत मी माणसं लावून बेटावरची सगळी झाडं आणि झुडपं काढून टाकली. वनखात्याची बाई झाडं तोडते, अशी गावभर बोंब झाली. एका म्हाताऱ्यानं तर मला हात जोडून विचारलं, "अम्मा, तुम्हाला झाडांनी काय केलंय?"

मार्चमध्ये पहिली जोडी आली. त्यांच्यामागून बाकीची.

तिथे मला दोन माणसं लाभली. लाभली म्हणते, कारण एकाला मी साहेब म्हणायचे आणि दुसरा मला मॅडम म्हणायचा. पण माझं दोघांवाचून अडत होतं.

दुसरा म्हणजे मल्लय्या. तो त्या तलावाचा नीरटी. म्हणजे बांधाखालचा तूम, पाणी सोडायची मोरी, उघडायचा आणि बंद करायचा, शेतांना पाणी सोडायचं, हे काम त्याच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून. साठीच्या पुढचा, काटकुळा, कमरेला टॉवेल, बोलणं कमी. तुमाजवळ पाण्यात एक दगडी खांब होता, त्यावर खाचा. मल्लय्या खांबाकडे बघून पाणी किती ते सांगायचा. आमच्या खात्याची मीटरची पट्टी त्याच्याच शेजारी लावलेली होती. तिच्याकडे तो चुकूनही बघायचा नाही.

त्यानंच मला पाणी शिकवलं. "मेडम, पानी पांचवी खाच के नीचे गया तो कुत्ते चलके जाते. तीसरी के उप्पर आया तो अंडे बैके जाते." वरून तिसरी आणि पाचवी, या दोन खाचांमध्ये तीन महिने पाणी धरायचं. बोलायला सोपं. पण तुमाखाली उन्हाळी भात उभा होता आणि त्याला शेवटचं पाणी हवं होतं. मल्लय्याचं स्वतःचं दीड एकर त्यातच. एकदम पाणी सोडलं तर बेटाला काठाकडून जमीन जोडली जाणार आणि रातोरात कुत्री. नाही सोडलं तर लोंब्या भरणार नाहीत. मी विचारलं, "मग करायचं काय?" तो म्हणाला, "थोडा-थोडा देंगे. गालियां मैं खातूं." आणि खरोखरच एका पाळीचं पाणी त्यानं तीन पाळ्यांत दिलं. दर पाळीला लोक त्याला शिव्या घालत. तो टॉवेलनं तोंड पुसायचा आणि खांबाकडे बघायचा. भात निघाला. त्याच्या स्वतःच्या शेताला त्यानं सगळ्यांत शेवटी पाणी घेतलं, हे मला फार उशिरा कळलं.

आता साहेब. साहेब वाईट नव्हते. त्यांच्यासमोर एक प्रस्ताव पडला होता. तलावात पर्यटकांसाठी नावा, आणि बेट रिकामंच आहे तर तिथे धक्का, चार बाकं आणि फोटो काढायला बदामाच्या आकाराची कमान. मी तावातावानं गेले. साहेब म्हणाले, "बाई, गेल्या उन्हाळ्यातली घरटी किती? शून्य. कागदावर शून्य आहे, तर मी भांडू कशाच्या जोरावर? जूनअखेर मला आकडा आणून द्या. किती घरटी, किती पिल्लं उडाली. तेवढ्यावर मी हे परत पाठवतो. आकडा नसेल तर कमान."

आकडा म्हटल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आम्ही आकड्यांच्याच घरातले.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा कोर्टात रेकॉर्ड-कीपर होते. उर्दूतून आलेले जुने दस्त, मराठी फर्द, इंग्रजी निकाल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. काचीगुड्याला स्टेशनच्या मागे आमचं भाड्याचं घर. त्या घरात नंबर नसलेली वस्तू नव्हती. छत्र्यांना नंबर, किल्ल्यांना नंबर, मसाल्याच्या डब्यांना नंबर. हळद चार, मोहरी सात. आई फोडणी घालताना ओरडायची, "सात दे गं, सात, तेल जळायलंय!" पाहुण्यांना वाटायचं, या घरात काहीतरी बिघडलंय. आई गेल्यावरही डब्यांचे नंबर तसेच होते. त्या उन्हाळ्यात अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पाय जड, डोकं लख्ख. मी सोमवार ते शुक्रवार तलावावरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि ते काचीगुड्याला एकटे. स्वयंपाकाला बाई यायच्या. बाकी दिवसभर ते आणि रेल्वेची घोषणा करणारी बाई, दोघंच बोलायचे.

तर घरटी मोजायची कशी? बेटावर घरटं सापडलं की त्याच्यापासून दोन पावलांवर एक वाटीएवढा दगड ठेवायचा. दगडावर चुन्याचा हात द्यायचा आणि वर काळ्या रंगानं नंबर. बांधावरून दुर्बीण लावली की नंबर वाचता यावा, म्हणजे रोज बेटावर जाऊन पक्ष्यांना उठवायला नको. मला वाटलं, काय डोकं चालवलंय! मल्लय्यानं चुना कालवला, मी बेटाच्या एका टोकापासून ओळीनं नंबर घातले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक ते एक्केचाळीस, एक्केचाळीस दगड बेटावर झळकले. लांबून बघितलं तर कचेरीसारखं दिसत होतं. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बांधाच्या टोकाला जाऊन मी अण्णांना फोन करायचे. रेंज तिथेच यायची. ते वही घेऊन बसलेले असायचे. लांब, लाल पाठीची कोर्टातली वही, निवृत्तीच्या वेळी कोरी राहिलेली. एकेक नंबर ते पुकारायचे, मी हजेरी द्यायचे.

"पंधरा?"

"आहे."

"सोळा?"

"आहे. तीन अंडी."

"सतरा? ते आळशी?"

सतरा नंबर त्यांचं लाडकं. त्या जोडीनं सगळ्यांत उशिरा, बेटाच्या अगदी कडेला, एका फुटक्या कौलाशेजारी खळगा केला होता. तिथली मादी दुपारी इतरांसारखी शहाण्यासारखी बसायची नाही, सारखी उठायची. मला आधी वाटलं, हिला अंडी उबवायची अक्कल नाही. मग एक दिवस दुर्बीण लावून नीट बघितलं. ती पाण्यावर जायची, पोट पाण्यात बुडवायची, दोनदा, तीनदा, आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसायची. बेचाळीस अंशांच्या उन्हात मुरूम तव्यासारखा तापलेला. तिथे अंडी उबवायची नव्हती, थंड ठेवायची होती. बाकीच्याही ते करत होत्या; ही जास्त वेळा करत होती, एवढंच. मी हे अण्णांना सांगितलं. ते मग म्हणाले, "तुझी आई तुला ताप आला की अशीच करायची. पदर भिजवून." आणि लगेच, "अठरा?"

मला आठवत नव्हतं ते. अजूनही आठवत नाही. पण तेव्हापासून मीसुद्धा संध्याकाळी सतरा नंबर आधी बघायला लागले.

मग घरटी जायला लागली.

पहिल्यांदा तीन नंबर. मग आठ. मग एका दिवसात अकरा आणि बारा. अंडी नाहीत आणि पक्षीही जागेवर नाही. अण्णा विचारायचे, मी "नाही" म्हणायचे, आणि पलीकडे टाक सरकल्याचा बारीक आवाज यायचा. मल्लय्या बेटावर जाऊन बघून आला; कुत्र्यांचे पाय नव्हते. साप म्हणावा तर रोज? पाणी चौथ्या खाचेवर स्थिर. चार दिवस मल्लय्या बांधावरून नुसता बघत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी तो मला बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, "मेडम, बैठो. देखो बस."

कावळे आले. दोनच होते. बेटाच्या एका टोकाला उतरले आणि चालायला लागले. भटकत नव्हते, चालत होते. एका पांढऱ्या दगडापाशी गेले, आजूबाजूला दोन पावलं बघितलं. सुरय अंगावर धावून आले, किंचाळले, एकानं कावळ्याच्या पाठीत चोच मारली. कावळा जरा वाकला आणि पुढच्या पांढऱ्या दगडाकडे गेला. एकवीस. बावीस. माझ्या दुर्बिणीतून मला माझे आकडे स्वच्छ दिसत होते. इतके स्वच्छ की कावळ्यालाही दिसावेत.

"कौव्वे आपका रजिस्टर पढ़ रैं," मल्लय्या म्हणाला.

तो हसून म्हणाला असता तर बरं झालं असतं. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांची सगळी राखण न दिसण्यात, त्यांच्या दारात मी चुन्याचे दिवे लावले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं. हौसेनं, सुबक अक्षरात. मी बांधावरच बसून राहिले. ऊन चढलं. मल्लय्या टॉवेल डोक्याला गुंडाळून शेजारी बसला होता.

मी म्हटलं, "दगड काढले तर मोजायचं कसं?"

"नक्को गिनो."

"आकडा नसला तर बेटावर कमान होईल रे."

त्यानं तलावाकडे बघितलं. "हौ," म्हणाला. "गिने तो परिंदे जाते. नै गिने तो बेट जाता." आणि मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं, निर्णय माझाच आहे अशा नजरेनं. खरंच माझाच होता. बत्तीस घरटी उरली होती.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना आम्ही पुट्टीत बसून बेटावर गेलो. पुट्टी म्हणजे बांबूची गोल टोपली, कातडं चढवलेली; तीत मी त्याआधी एकदाच बसले होते आणि परत बसणार नाही अशी शपथ घेतली होती. उन्हाआधी काम उरकायचं, म्हणजे अंडी तापायला नकोत. दगड उचलून नेले तर आणखी फेऱ्या, आणखी आरडाओरडा. म्हणून मल्लय्यानं सोपं केलं. त्यानं पहिला दगड जागच्या जागी उलटा केला. चुना खाली, नंबर खाली, वर मुरमाच्या रंगाची मळकी पाठ. संपलं. आम्ही दोघं वाकून-वाकून दगड उलटे करत गेलो. डोक्यावर सुरय किंचाळत होते, एकानं माझ्या अंबाड्यावर शिटलं. योग्यच केलं. सतरा नंबरपाशी मी क्षणभर थांबले. दोन अंडी होती. मग तोही दगड पालथा केला आणि मागे वळून बघितलं तर घरटं कुठे होतं ते मलाच सापडेना.

त्यानंतर पावसाळ्यापर्यंत बेटावर कुणीही पाय ठेवला नाही. मी आकडे ठेवले नाहीत. खांबाची खाच तेवढी रोज बघायची. मेच्या मध्यावर एका दुपारी गारांसकट वळीव कोसळला आणि वरच्या ओढ्यानं तलावात लोंढा आणला. पाणी तासाभरात तिसऱ्या खाचेपर्यंत. मल्लय्या त्या गारांत तुमापाशी उतरला आणि त्यानं फळी वर ओढली. भात निघून गेलेला होता, शेतं रिकामी, पाणी मोकळं वाहून गेलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर गारेचं टेंगूळ होतं. "तीसरी खाच पे रुका," म्हणाला. मी त्याला माझ्या क्वार्टरमध्ये नेऊन चहा दिला. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदाच आत बोलावलं होतं, हे लिहितानाही जरा लाज वाटते.

आणि संध्याकाळचा फोन?

दगड उलटे केले त्या संध्याकाळी अण्णांनी नेहमीसारखं सुरू केलं. "एक?" मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दिवसभर त्या दहा मिनिटांची वाट बघत बसलेला. वही उघडी, टाक हातात. आता मोजणी बंद, वही मिटा, असं त्यांना कसं सांगू? आणि माझ्या नंबरांनी नऊ घरटी खाल्ली, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "आहे." पुढचंही आहे. सतरा? "आहे, आहे, पाण्यात पोट भिजवून आली आत्ताच." ते खुश झाले. मग रोजच. मेअखेर मी पिल्लंही काढली. सोळा नंबरला दोन, सतराला एक. सतराचं पिल्लू कौलाच्या सावलीत बसतं, असंही सांगितलं. ते मात्र एकदा बांधावरून मला दिसल्यासारखं वाटलं होतं. वाटलं होतं, एवढंच.

जूनअखेर मी अहवाल लिहिला. सुरुवातीची घरटी एक्केचाळीस. नऊ गेली, कारण मोजणीसाठी ठेवलेले दगड, चूक माझी. त्यानंतर मोजणी थांबवली. उडालेली पिल्लं किती, माहीत नाही. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "अहो बाई, वीस-पंचवीस काहीतरी टाका हो. कोण येतंय बघायला?" मी म्हटलं, "नाही टाकणार." अण्णांशी रोज धडधडीत खोटं बोलायला मला काही वाटलं नव्हतं, फाइलीशी मात्र बोलवेना. आमच्या घरचं वळणच असलं उफराटं.

"मग तुम्हीच येऊन मोजा," मी म्हटलं. चिडूनच.

आणि आश्चर्य म्हणजे ते आले. पुढच्या मंगळवारी सकाळी सातला, बांधावर, माझी दुर्बीण घेऊन. बेटाच्या सगळ्या कडेनं नवी पोरं होती. आखूड शेपटीची, मळकट डोक्याची, मोठी पाण्यावरून मासा घेऊन आली की चोच वासून धावणारी. साहेबांनी मोजायला सुरुवात केली. बारापर्यंत गेले, चारपाच उडाली. परत एकपासून. अठरापर्यंत गेले, सगळीच उडाली. "च्यायला!" साहेब म्हणाले, आणि परत एकपासून. मल्लय्या मागे उभा राहून टॉवेलनं तोंड पुसत होता. पुसण्यासारखं त्याच्या तोंडावर काही नव्हतं. तासाभरानं साहेबांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि माझ्या अहवालावर, रकान्याच्या शेजारी, स्वतःच्या हातानं लिहिलं, "समक्ष पाहणी केली. पिल्ले पुष्कळ." प्रस्ताव एका वर्षासाठी थांबला. गेली सात वर्षं तो दर वर्षी एकेका वर्षासाठी थांबतोय. कमान अजून झालेली नाही.

हे सगळं सांगायला मी शनिवारी घरी गेले. अण्णा खुर्चीत बसून होते. मी म्हटलं, "अण्णा, बेट वाचलं. आणि सतरा नंबर उडालं बरं का."

त्यांनी टाक उचलून एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

एप्रिलची पानं साधी होती. नंबर, तारीख, आहे, नाही. दगड उलटे केल्यानंतर दोन दिवसही तशीच. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक नोंदीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात एकच शब्द. ऐकीव. एक नंबर, आहे, ऐकीव. सोळा, दोन पिल्ले, ऐकीव. पानामागून पान. कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या साक्षीला जी किंमत, ती त्यांनी माझ्या शब्दाला दिली होती. आणि तरी रोज सगळ्या ओळी लिहिल्या होत्या.

"तुम्हाला कळलं होतं?"

"रोज एखाददुसरं जात होतं," अण्णा म्हणाले. "एका दिवसापासून एकही जाईना. कावळे काय उपोषणाला बसले? मी चाळीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं गं. ज्या वहीत खाडाखोड नाही ती खोटी असते."

मी मग सगळं सांगितलं. चुना, कावळे, उलटे दगड. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मग सतराचं खरं काय?"

"माहीत नाही, अण्णा."

"बरं," म्हणाले, आणि खिडकीकडे बघत बसले. काचीगुड्याहून सुटणाऱ्या कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. मला फार वाईट वाटलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती आणि तिचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या रविवारी मी जीप करून त्यांना तलावावर नेलं. बांधावर खुर्ची टाकली. त्यांना दिसत काय होतं, देव जाणे. पाण्याचा लखलखाट आणि वर काही हलतंय, एवढंच असावं. मल्लय्यानं त्यांना वाकून नमस्कार केला, मग आमच्यामागे उभा राहिला. थोड्या वेळानं तुमाजवळ, अगदी आमच्या समोर, एक नवं पोर आलं. हवेत पंख मारत थांबलं, खाली झेपावलं, चुकलं, पुन्हा वर आलं आणि पुन्हा झेपावलं. या वेळी चोचीत काहीतरी चमकलं.

अण्णा मान वर करून त्या आवाजाकडे बघत होते. "ये कितवां है?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मल्लय्या म्हणाला, "सत्रा नंबर, साब."

अण्णा परतीच्या वाटेवर, अंबरपेठ ओलांडून गेल्यावर, म्हणाले, "तुझा साक्षीदार पढवलेला आहे."  त्याला मी पढवलं नव्हतं. पण सतरा नंबर कुणाचं लाडकं, हे अख्ख्या उन्हाळ्यात बांधावर माझं फोनवरचं बोलणं ऐकून त्याला पाठ झालं होतं.

घरी पोचल्यावर अण्णांनी चपला काढायच्या आधी वही मागितली. डोळ्यांशी धरून शेवटचं पान काढलं. सतरा नंबर, उडाले, ऐकीव. ही ओळ त्यांनी माझ्या सांगण्यावरून त्या शनिवारी लिहून ठेवली होती. 'ऐकीव'वर त्यांनी एक सरळ आडवी रेघ मारली. वर लिहिलं, समक्ष पाहिले. त्यांच्या हातून झालेली खाडाखोड मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. नियम असा की दुरुस्ती केली तर शेजारी सही करायची, म्हणजे जबाबदारी कुणाची ते राहतं. त्यांनी सही केली. पूर्ण नावानिशी, खाली तारीख घालून.